श्रीच्या आधी

जुळे सोलापुरातले बसवेश हत्तुरे सर किराण्याची यादीसुद्धा वर मधोमध ‘श्री’ काढल्याशिवाय सुरू करत नाहीत. लग्न ठरल्यावर त्यांनी शिवलीलाबाईंना पाठवलेल्या पहिल्या मेसेजमध्येही आधी ‘श्री’ होता. बाईंना वाटलं, कुणाची तरी पत्रिका आली.

वीस वर्षं पॉलिटेक्निकात ‘सी’ ही कॉम्प्युटरची भाषा शिकवून झाल्यावर सरांनी फ्लॅटच्या मागच्या खोलीत पाण्याच्या मोटारीचा डबा बनवायला घेतला. लाईट आली की डब्यानं व्होल्टेज बघायचं आणि मोटार आपोआप चालू करायची. पहिलाच डबा उजनीकाठच्या बाळासो कोळेकरांच्या केळीला जायचा होता.

“शनिवारपतुर न्हाय जमलं तर सांगा सर, तयार डबा आणतो दुकानातनं,” बाळासो फोनवर म्हणाले होते. “गावातलं आट जण असाच डबा घ्यायला माज्या तोंडाकडं बघत्यात.”

आणि गुरुवारी डबा मुका झाला. दिवा लागे, पण छोटा पडदा कोराच. सरांनी वायर बदलली, पडदा बदलला, चिप बदलली. चष्मा बदलायचाही विचार झाला.

शिवलीलाबाई चहा घेऊन आल्या. लॉकडाउनात सरांचे ऑनलाइन तास स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून बाईंचंही सी पक्कं झालं होतं.

“काल तर चालत होता की.”

“चालतच होता गं. आज फक्त प्रोग्रॅममध्ये वर श्री टाकला.”

“वर म्हणजे कुठं?”

“सगळ्यात वर. मेनच्याही वर. वीज आली की पहिलं काम ते.”

“आणि तो श्री पडद्यावर छापतं कोण?”

“प्रिंटएफ. सीच्या लायब्ररीतलं तयार काम.”

“मग त्या लायब्ररीला उठवलं कुणी?”

सरांचा कप ओठाशीच राहिला. कॉम्प्युटरवर हे काम कुणीतरी आपल्या नकळत उरकून ठेवतं. मेन, म्हणजे प्रोग्रॅमचा मुख्य भाग, येतो तेव्हा घर झाडून, पाणी भरून तयार असतं. या डब्यात तसं कुणी नव्हतं. सुरुवातीची फाईल सरांनी हौसेनं स्वतः लिहिली होती: आधी व्हेरिएबलच्या जागा भरायच्या, मग लायब्ररी सुरू करायची, मग मेनला हाक. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर श्री.

“गॅस पेटवायच्या आधीच नैवेद्य मागितलात की हो!”

“पण श्रीच्या आधी काही लिहायचं म्हणजे...”

“पाटी पुसता, पेन्सिलीला टोक करता, ते काय लिहिण्यात धरता होय?”

सरांनी ती ओळ उचलली आणि लायब्ररीच्या खाली ठेवली. मुलगी सासरी पाठवताना चेहरा होतो, तसा चेहरा करून.

शनिवारी बाळासोंच्या विहिरीवर पडदा बोलला, मोटार लागली, पाईप थरथरला. सर हसणार, तेवढ्यात बाळासोंनी मेन स्विच खाली ओढला.

“एकदा कायबी चालतंय सर. आमच्याकडं लाईट दिसातनं धा येळा जाती.”

स्विच वर. डबा पुन्हा शून्यापासून: जागा, लायब्ररी, श्री, मेन. सरांचे ओठ प्रत्येक पायरीला हलत होते. मोटार लागली. स्विच खाली. पुन्हा वर. सहाव्यांदा मोटारीनं जरा वेळ घेतला. सरांनी सोबत आलेल्या शिवलीलाबाईंचा हात धरला, भर शेतात. मग ती लागली.

दहाव्या वेळी बाळासोंनी खिशातून पाना काढला.

“व्हय सर, भिताडाला ह्यो किती उंचीवर ठोकू?”