टोपलीत न पडलेला वाटा

देवबागचा गुरुदास एका जागी स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर. त्यात एकसष्ट साली मच्छीमार सोसायटीला होडीचं एकच इंजीन मंजूर झालं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायची पाळी सेक्रेटरी म्हणून त्याच्यावर आली. झालं, उरलीसुरली झोपही उडाली.

वशिल्याचं नाव निघू नये म्हणून त्याने जाहीर केलं, नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत ज्याच्या होडीच्या टोपल्या जास्त भरतील, इंजीन त्याचं. रोज वही घेऊन हा लिलावाच्या जागी उभा. आठवड्यातच शंका आली, टोपल्या लहानमोठ्या आहेत. मग सगळ्यांना एका मापाच्या टोपल्या. तरी जिवाला चैन नाही. बांगडा आणि तारली एकाच मापात कशी मोजायची? मी म्हटलं, "आता माशांका मार्क दी रे, म्हणजे झाला!" तो हसला नाही.

आमच्याकडे होडी लागली की टोपल्या भरण्याआधी पुळणीवर, वाळूत बसलेल्या मथुराकाकीसारख्या विधवांच्या भांड्यात मूठ-दोन मूठ मासळी पडते. तो त्यांचा वाटा. तो कुणी मागत नाही, द्यायचाच असतो. गुरुदासचा बाप समुद्रात बुडाला, तेव्हा आईने त्याला ह्याच वाट्यावर वाढवलं. आणि ह्या शहाण्याने मोजायच्या ठरवल्या त्या भरलेल्या टोपल्या! वाटा दिला की टोपली कमी. दिवाळीच्या आतच गणपतने वाटा बंद केला, त्याचं बघून बाकीच्यांनी. एकटा सहदेव देत राहिला, पण एका होडीची मूठ किती भांड्यांना पुरणार? गुरुदासची मान वहीत, त्याला पत्ताच नाही.

शिमग्याला गणपत अकरा टोपल्यांनी पुढे निघाला, सहदेव दुसरा. गुरुदासने इंजीन गणपतला जाहीर केलं. सहदेव भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मथुराकाकीच्या भांड्यात कधी बघलंस काय रे?"

तेव्हा कुठे त्याने पाहिलं. भांडं कोरडं होतं. काकीच्या मनगटाची नुसती हाडं दिसत होती. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. पण सगळ्या गावासमोर दिलेला शब्द, मागे कसा घेणार?

त्याने गणपतकडूनच चार बांगडे विकत घेतले आणि काकीच्या भांड्यात टाकले. काकीने ते एकेक करून बाहेर काढले, वाळूवर ठेवले.

"ह्या विकतचा म्हावरा माका नको, गुरुदासा," ती म्हणाली. "माजो वाटो खंय आसा?"