सासूबाईंनी सांगितलेला शेवटचा भाग

पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पाचव्या महिन्यातच गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि मला पूर्ण झोपून राहायला सांगितलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा ठाण्याच्या कोर्टात कारकून. तो सकाळी गेला की घरात मी आणि सासूबाई. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं मीठ-मसाल्यापलीकडे जात नसे. त्या मूळच्या गुहागरकडच्या. फटकळ. कोणाची पोळी कच्ची राहिली तर त्याच्याच घरी बसून सांगणाऱ्या.

झोपून झोपून मला वेड लागायची पाळी आली. मग एका रविवारी नवऱ्याने टीव्ही शिलाई मशीनवर ठेवून माझ्या खोलीच्या दारात आणला. त्यावर बुधवारी दुपारी एक मालिका लागायची. न केलेल्या खुनासाठी जन्मठेप झालेला एक पोस्टमन आणि त्याची तुरुंगातून पळून जाण्याची खटपट. जेवणाच्या थाळीचा तुकडा घासून घासून तो किल्ली बनवत होता. दर भागाच्या शेवटी रखवालदाराच्या बुटांचा आवाज जवळ यायचा आणि भाग संपायचा.

सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "या दिवसांत चोरदरोडेखोर बघतेस? पोटातलं पोर कसं निपजेल?"

"आई, तो चोर नाहीये. त्याने काहीच केलेलं नाही."

"सगळे तसंच म्हणतात."

पण तिसऱ्या बुधवारी त्या भाजीची परात घेऊन दारात टेकल्या. चौथ्या बुधवारी परात नव्हती. पाचव्या बुधवारी ऐन वेळी लाईट गेले आणि माझ्यापेक्षा त्याच जास्त चिडल्या. गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीत लाईट आहेत का ते बघून आल्या. "तो किल्ली लपवतोय कुठे ते आज कळणार होतं गं," असं म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालिकेने मला एवढं का धरून ठेवलं होतं, ते मला माहीत होतं. तोही एका खोलीत, मीही. तो भिंतीवर दिवस मोजायचा, मी कॅलेंडरवर. पण सासूबाई का गुंतल्या? एकदा भाग संपल्यावर मी विचारलं. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची होते. तीन वर्षं माहेरी पाठवलं नाही मला. विहिरीवरून आमच्या गावची वाट दिसायची. रोज ठरवायचे, आज कळशी इथेच ठेवायची आणि चालायला लागायचं."

"मग?"

"मग काय? कळशी उचलून घरी." एवढं बोलून त्या चहा टाकायला गेल्या. त्या दिवसापासून आम्ही बुधवारच्या बाहेरही बोलायला लागलो.

आठव्या महिन्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. मला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात हलवलं. कळा थांबवायची औषधं चालू होती. बाळाचे ठोके मधूनच मंद होत होते. डॉक्टर फारसं बोलत नव्हते. त्याच बुधवारी मालिकेचा शेवटचा भाग होता.

मी म्हटलं, "आई, तुम्ही घरी जा. बघा आणि येऊन मला सांगा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"जा ना. इथे हे आहेत. मला नुसतं पडून काळजीच करायची आहे."

खूप आढेवेढे घेऊन गेल्या. संध्याकाळी आल्या त्या घामाघूम होऊन. स्टुलावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सुटला."

"कसा?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. किल्ली लागली, दार उघडलं, बूट वाजले, पण रखवालदाराने पाहून न पाहिल्यासारखं केलं. भिंत, शेत, नदी. ओंजळीने पाणी प्याला. पहाटे घरी पोचला. त्याच्या आईने काही न विचारता पाट मांडला. शेजारच्या खाटांवरच्या बायकाही कुशीवर वळून ऐकत होत्या. एकीने विचारलं, "मावशी, परत पकडला नाही ना?" सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "नाही. कागदपत्रं सापडली. निर्दोष सुटला."

त्या रात्री मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. शुक्रवारी मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि घरी आली.

मुलगी पहिलीत असताना तीच मालिका दुसऱ्या चॅनलवर पुन्हा लागली. शेवटचा भाग मी एकटीनेच पाहिला. पोस्टमन भिंतीवर चढतो, रखवालदार गोळी झाडतो. शेत नाही, नदी नाही, आई नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तो तर मेला."

"हो." मान वर केली नाही.

"मग तुम्ही मला..."

"ठाणे स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत चालत आले मी, रिक्षा न करता. काय सांगायचं ते जुळवायला. तुझ्या बाळाचे ठोके नीट लागत नव्हते, आणि मी येऊन सांगू की मेला?"

कोणाच्याही तोंडावर खरं बोलणारी ही बाई त्या दिवशी माझ्यासाठी दीड-दोन किलोमीटर खोटं रचत चालली होती. आमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नसे. मी खाली बसले आणि म्हटलं, "आई, तुम्ही सांगितलेलाच भाग खरा आहे."

"आहेच मुळी," त्या म्हणाल्या. "त्या लोकांना काय कळतंय?"