अक्रोडावरची तारीख

क्रुशाक गावातून दफनभूमीकडे जाणाऱ्या पायवाटेवर कुंपण उभे राहिले, त्या सकाळी नेवेना स्लात्कोवा हिच्या हातात पाण्याची झारी होती. नवऱ्याच्या थडग्यावर लावलेली जिरॅनियमची रोपे एप्रिलच्या कोरड्या वाऱ्याने माना टाकू लागली होती. वाटेच्या तोंडाशी जुना अक्रोड आहे. त्याच्या पलीकडे दहा पावलांवर नवी लोखंडी जाळी उभी होती आणि जाळीवर खडीच्या खाणीची पाटी. नेवेनाने ती दोनदा वाचली, झारीतले पाणी अक्रोडाच्या मुळाशी ओतले आणि ती माघारी फिरली. भरलेली झारी तशीच परत नेणे तिच्या स्वभावात नव्हते.

वाटेने दफनभूमी बारा मिनिटांवर होती. डांबरी रस्त्याने, टेकडीला वळसा घालून, पावणेदोन तास. खाणीच्या मालकाकडे मोटार होती. थडग्यांची निगा राखणाऱ्या बहुतेक बायका सत्तरीच्या पुढच्या आणि गुडघ्यांनी अधू होत्या. अन्याय पुष्कळदा असा अंतराच्या रूपाने येतो. कुणाला काही मनाई केलेली नसते. फक्त जायचे ठिकाण माणसाच्या बळापलीकडे नेऊन ठेवलेले असते.

त्याच दुपारी ती गावप्रमुखाच्या कचेरीत गेली. रांगेल हा तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला माणूस. पाच वर्षांत ही वाट कुणी वापरलेली नाही, असा दाखला त्याने सहीनिशी दिला होता आणि त्याच दाखल्यावर कुंपण उभे होते.

"ही सही तुझी?"

"मावशी, आधी बसा तरी."

"बसायला नाही आले. सही तुझी का?"

"माझीच. अहो, ती वाट नकाशात कधीच नव्हती. आणि वापरतं कोण? चार म्हाताऱ्या."

"चार म्हाताऱ्या म्हणजे कुणीच नाही का? किती माणसं मोजल्यावर वाट म्हणायची, ते सांग. तेवढी आणते."

"कंपनीनं गावातल्या सोळा जणांना काम दिलंय. त्यांच्या घरी जाऊन विचारा, वाट हवी का पगार."

"पगार खाण देते, वाट काय खाणीनं दिली होती? रांगेल, तूही चालला आहेस तिच्यावरून."

रांगेलने खिडकीबाहेर पाहिले. "लहानपणी चाललो असेन," तो म्हणाला.

नेवेनाच्या ओठांवर गेल्या नोव्हेंबरबद्दलचे एक वाक्य आले होते. ते तिने गिळले आणि तालुक्याच्या समितीकडे हरकतीचा अर्ज करायचे ठरवून ती घरी आली. वाट गेली पाच वर्षे वापरात होती, एवढे सिद्ध करायचे होते. तिच्यापाशी पुरावा होता. तो कपाटाच्या खालच्या खणात, लोकरी मोज्यात गुंडाळलेला होता.

तो एक छोटा झूम कॅमेरा होता. खिशात मावणारा, बटण दाबले की नळी पुढे काढणारा. २००५ साली तिचा नवरा स्तामेन निवृत्त झाला तेव्हा त्याने तो घेतला. त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, गावातल्या यानाकी मास्तरांनीही तसाच घेतला होता. मास्तरांचा कॅमेरा सात वर्षांनंतरही चामडी पिशवीत कोरा होता. त्यावर ओरखडा नव्हता आणि त्याने काढलेला फोटोही नव्हता. नेवेनाच्या कॅमेऱ्याचे बॅटरीचे झाकण तुटले होते आणि मुरंब्याच्या बरणीच्या रबराने जागेवर धरले होते. नळीत धूळ गेल्याने ती अर्ध्यावर अडकत असे. मग तळहातावर हलकेच आपटून तिला बाहेर बोलवावे लागे.

"वस्तू अशी वापरतात का?" मास्तर म्हणत.

"तुमच्यासारखी न वापरता ठेवली, तर मी तिची मालकीण की पहारेकरी?" नेवेना विचारी.

स्तामेनचा एक नियम ती अजून पाळत होती. काम झाले की दोन्ही सेल बाहेर काढायचे. आत राहिले तर ते पाझरतात आणि यंत्र खातात. तो गेल्यावरही तिने सेल एकदाही आत ठेवले नाहीत. मात्र प्रत्येक वेळी सेल घातले की कॅमेरा तारीख विचारी. समोर माणसे चालत येत असत, प्रकाश सरत असे. नेवेना पुढचे बटण दाबून मोकळी होई. आज कोणता दिवस आहे हे तिला ठाऊक होते, यंत्राला सांगण्याची तिला गरज वाटली नाही.

फोटो काढण्याचे कारण वेगळेच होते. २००८ च्या वसंतात स्तामेन गेला तेव्हा देवळाच्या दारावर आणि झाडावर लावायच्या शोकपत्रकावर छापायला त्याच्या ओळखपत्राखेरीज दुसरा फोटोच नव्हता. घरातले सगळे फोटो त्यानेच काढलेले. चाळीस दिवसांचे पत्रक, सहा महिन्यांचे, वर्षाचे. प्रत्येक पत्रकावर स्तामेन पोलिसांना हवा असलेल्या माणसासारखा पाहत असे. हसतमुख माणूस झाडावर असा टांगलेला तिला पाहवला नाही. पितरांच्या शनिवारी बायका साखर घातलेले शिजवलेले गहू आणि वाइनची बाटली घेऊन दफनभूमीकडे निघत. नेवेना अक्रोडापासून साठ पावलांवर, देवळाच्या भिंतीशी उभी राही, झूम पूर्ण ताणी आणि अक्रोडाखालून वळणाऱ्या बायकांचे चेहरे टिपून घेई. कुणी बोलत असे, कुणी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पातेले झाकत असे. इतक्या अंतरावरून कुणी ताठत नसे. वर्षातून असे तीन शनिवार. हळूहळू गावात माहीत झाले की नेवेनाकडे प्रत्येकीचा चेहरा तयार आहे.

"माझा चांगला आलाय तो सांभाळून ठेव," शेजारची स्लावका म्हणे. "पण छापायची घाई करू नकोस."

हीच स्लावका आता तिच्या स्वयंपाकघरात बसून शहरातून मोठे करून आणलेले अठ्ठावीस फोटो चाळत होती. एका फोटोवर तिचा हात थांबला.

"अगं, हा रांगेल. हातात गव्हाचं ताट. आणि झाडावर त्याच्या बापाचा कागद. हा सगळ्यात वर ठेव की!"

"तो तळाशी राहील."

"डोकं फिरलंय का तुझं? त्यानं खोटं लिहून दिलंय."

"खोटं त्यानं लिहिलंय, तर खरंही त्यालाच बोलू दे. सभेत त्याला विचारतील. सत्तावीस फोटोंनी काम झालं तर हा दाखवायचा नाही."

"त्याला नाही वाटली तुझी दया."

"दया नाही गं. मला वाट हवी आहे. रांगेलचं तोंड काळं करून मला काय करायचंय?"

समिती मे महिन्यात आली आणि गावच्या वाचनालयाच्या सभागृहात बसली. अध्यक्षबाई तालुक्यातल्या अभियंता होत्या. खाणीच्या बाजूने वकील काल्चेव होते. रांगेलला पहिल्यांदा विचारले गेले. दाखल्यातला मजकूर बरोबर आहे, असे तो जमिनीकडे पाहत म्हणाला. नेवेनाने फोटो टेबलावर मांडले. अठ्ठाविसावा तिने मांडीवरच्या पिशवीत ठेवला.

काल्चेव यांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. घाई त्यांनी केली नाही, कारण घाईची गरज नव्हती.

"आजी, हा कोपऱ्यातला आकडा वाचता का?"

"वाचा तुम्हीच. तुमचा चष्मा नवा दिसतोय."

"एक जानेवारी दोन हजार पाच. आणि ह्याच्यावर? एक जानेवारी दोन हजार पाच. सगळ्यांवर तेच. तुमच्या गावात नववर्षाच्या दिवशी अक्रोडाला पानं असतात वाटतं?"

मागच्या बाकांवर खाणीतले काही कामगार हसले. यानाकी मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तारीख लावायला त्यांनी तिला सात वर्षांत किमान सात वेळा सांगितले होते.

"तारीख खोटी आहे," काल्चेव अध्यक्षबाईंना म्हणाले, "म्हणजे हे फोटो केव्हाचे, हे कुणीच सांगू शकत नाही. सहा वर्षांपूर्वीचे असतील, सातही. गेल्या पाच वर्षांबद्दल ते मुके आहेत."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवले. "बाई, तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

नेवेना उठली. सत्तावीस वर्षे तिने डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणारी झाकणे तपासली होती. शंभरातले एक चेपलेले झाकण तिचा हात आपोआप उचलत असे. आता तिने एक फोटो उचलला आणि अध्यक्षबाईंसमोर धरला.

"कोपरा सोडा. तो यंत्रानं लिहिलाय आणि त्याला काही कळत नाही. झाड वाचा."

"झाड?"

"खोडावरचे कागद. गावात माणूस गेलं की शोकपत्रक देवळाच्या दारावर, थांब्यावर आणि ह्या अक्रोडावर लागतं. भिंग आणलंय मी. घ्या."

अध्यक्षबाई वाकल्या. भिंगाखाली एक रुंद, लाजरा चेहरा दिसला. त्यांनी मोठ्याने वाचले: "योर्दाना पेयेवा हिच्याविना सहा महिने. निधन तीन डिसेंबर दोन हजार आठ."

"म्हणजे हा फोटो जून दोन हजार नऊचा," नेवेना म्हणाली. "पुढचा घ्या. त्यात योर्दानाचं वर्षाचं पत्रक आहे. त्याच्या पुढच्यात ते पावसानं फाटलंय आणि त्याच्यावर दुसरं लागलंय. मेलेल्यांना तारखा बरोबर ठाऊक असतात, साहेब. तुमचं-माझं चुकतं."

सभागृहात या वेळी कुणी हसले नाही. अध्यक्षबाईंनी एकापाठोपाठ एक नऊ तारखा वहीत उतरवल्या. काल्चेव यांनी चष्मा काढून पुसला.

"मान्य, कागदांना तारखा आहेत. पण कागद तर कुठंही चिकटवतात. झाडावर कागद आहे म्हणून वाट वापरात आहे, असं होत नाही. ह्या बायका झाडापर्यंत आल्या आणि परत फिरल्या असतील."

"गहू घेऊन? झाडाला भरवायला?" स्लावका बाकावरून म्हणाली.

"बाई, परवानगीशिवाय बोलू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"साहेब," नेवेना म्हणाली, "शोकपत्रक लावतात ते लोकांनी वाचावं म्हणून. आपलं माणूस जिथं कुणी फिरकत नाही अशा ठिकाणी कुणी टांगतं का? तुम्ही तुमच्या आईचं पत्रक ओसाडात लावाल?"

काल्चेव यांनी दाखला उचलून टेबलावर ठेवला. "हे सगळं अनुमान आहे. गावप्रमुखाचा दाखला हा दस्तऐवज आहे. गावाला कोण जास्त ओळखतं, गावप्रमुख की एक कॅमेरा?"

नेवेनाने रांगेलकडे पाहिले. तो पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"रांगेल, तू सांगतोस का?"

त्याने मान वर केली नाही. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागेपर्यंत ती थांबली. दिलेली संधी किती वेळ उघडी ठेवायची याचा नियम कुठे लिहिलेला नाही. पण ती कायम उघडी ठेवणे म्हणजे दुसऱ्यांच्या हक्कावर उदार होणे, हे नेवेनाला कुठल्या पुस्तकाशिवाय कळत होते. तिने पिशवीतून अठ्ठाविसावा फोटो काढून टेबलावर ठेवला.

अध्यक्षबाईंनी भिंग धरले. "गान्चो मारिनोव यांच्याविना एक वर्ष. दोन नोव्हेंबर दोन हजार अकरा. शोकाकुल पत्नी आणि मुलगा रांगेल." त्यांनी भिंग थोडे बाजूला सरकवले. खोडाला वळसा घालून, हातात ताट, बगलेत बाटली, पाठमोऱ्या आईच्या मागून गावप्रमुख वाटेने निघाला होता. "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"कुठं निघाला होता?"

"बाबांना वर्ष झालं होतं."

"मी विचारलं, कुठून गेलात?"

"वाटेनं," रांगेल म्हणाला. थोड्या वेळाने, कुणी न विचारता, तो पुन्हा म्हणाला, "आईला रस्त्यानं चालवलं नसतं."

बाहेर पडण्याआधी काल्चेव यांनी नेवेनाला गाठले. खाण वर्षातले तिन्ही पितरांचे शनिवार कुंपणाचे दार उघडायला तयार आहे. समितीच्या निकालाची वाट कशाला पाहायची, असे त्यांनी सुचवले.

"आणि रविवारी?" नेवेनाने विचारले.

"रविवारी काय असतं?"

"रविवारी मी झारी घेऊन जाते. सोमवारी कधी कधी नुसतीच जाते. आमची मेलेली माणसं तुमच्या परवानगीनं वर्षातून तीनदा भेटणार नाहीत. वाट आहे ती रोजच वाट आहे."

निकाल जूनमध्ये लागला. वाट नकाशात आली आणि जाळीत दोन्ही टोकांना दोन मीटरची मोकळी जागा सोडावी असे ठरले. खाणीने जागा सोडली, आणि आठवडाभरात गुरे शिरू नयेत म्हणून तिथे कडीचे फाटक बसवले. नेवेनाने त्या फाटकाचा फोटो काढून समितीला पाठवला. फाटक निघाले. ते पुन्हा बसवतील हे ती जाणून होती, म्हणून दर शनिवारी ती देवळाच्या भिंतीशी जाऊन मोकळ्या जागेचा एक फोटो काढू लागली. त्यात अक्रोड येईल याची ती काळजी घेई.

ऑगस्टमध्ये एकदा रांगेल तिथे तिच्याजवळ आला.

"मावशी, तो माझा फोटो पुसून टाका. खाणीतली पोरं मला बघून ताट धरल्यासारखं करतात."

"नाही पुसणार."

"काम तर झालं तुमचं."

"तुझ्या बापाचा कागद आहे त्यात. आणि तुझी आई. त्या दिवशी तू एकही गोष्ट चुकीची केली नव्हतीस. चूक त्यानंतरची." तिने नळी तळहातावर आपटून बाहेर काढली. "तुला हवा असला तर छापून देते. घरात लाव."

रांगेलने कॅमेऱ्याकडे बोट केले. "तारीख तरी लावा आता ह्याला," तो म्हणाला.

"कशाला? झाड आहे ना."

तिने फोटो काढला, रबर सोडवून दोन्ही सेल खिशात टाकले आणि झारी उचलली. कुंपणातल्या मोकळ्या जागेतून जाताना तिने हात लांब केला आणि लोखंडाच्या खांबाला, जिथे फाटकाची बिजागरी होती तिथे, बोट लावून पाहिले. स्क्रूची भोके अजून उघडीच होती. ती तिने मोजली, चार भरली, आणि ती दफनभूमीच्या दिशेने निघाली.