पाचवीची पात

सुनयनाबाई पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत आल्या तेव्हा मला वाटलं, एक काळी छत्री आपली आपणच चालत येते आहे. जवळ आल्यावर कळलं, छत्रीखाली माणूस आहे. वजन असेल पावशेर, त्यातलं अर्धं चष्म्याचं. जोराचा वारा सुटला असता तर बाई पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात जाऊन पडल्या असत्या, आणि तिकडच्यांनी त्या परतही केल्या नसत्या. आवाज इतका बारीक, की "हेडमास्तर कुठे बसतात?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी बिस्किटाचा पुडा काढून दिला.

माझं किराणा दुकान शाळेसमोरच आहे. तेलंगणातल्या भीमपूरकडच्या आमच्या गावची ही मराठी शाळा. शाळा समितीत मीही आहे, म्हणजे सांगतील तिथे सही करतो. बाईंची नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. काम चांगलं दिसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा, असं ऑफिसातून सांगितलेलं. आणि वर्ग मिळाला पाचवीचा! एकतीस पोरं. याच पोरांनी आदल्या वर्षी एका गुरुजींना बदली मागायला लावली होती, आणि ते गुरुजी कुस्त्या खेळलेले होते.

पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर दहा नियम लिहिले. पोरांनी ते मन लावून उतरवून घेतले, पाठ केले आणि अनुक्रमांकाप्रमाणे मोडले. मग बाई दंगेखोरांना बाहेर उभं करू लागल्या. बाहेर जांभळाचं झाड. आठ दिवसांत सगळ्या वर्गाच्या जिभा जांभळ्या. आत उरायच्या बाई, आणि ताप आलेला चंदन. पोळ्यापर्यंत बाईंचा होता तेवढाही आवाज बसला.

सगळ्यांत वरचढ मीनल. गणित सांगून संपायच्या आत तिचं उत्तर तयार. उरलेला वेळ ती पुढच्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधण्यात सत्कारणी लावायची. तिला बाहेर काढलं त्या दिवशी तिची आई भागाबाई शाळेत आली. भागाबाई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीण. तिने हाक मारली की तिसऱ्या शिवारातले बैल थांबतात.

"बाई, माही पोरगी काऊन बाहीर उभी केली?"

"तिचं लवकर होतं. मग ती बाकीच्यांना काही करू देत नाही."

"मंग तिले काम द्या ना! माह्याजवळ तीस बाया रायतात. एकीचंबी तोंड बंद नसते. पन एकेकीले एकेक पात देल्ली का हात चालते. जिची पात पैले सरली, ते मांगच्या बाईच्या पातीले लागते. सगळ्या संगंच धुऱ्यावर जातात. रिकामी बाई वावरात ठिवाचीच नाई!"

पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याची ओळ आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, हे बाईंना सांगावं लागलं नाही. त्याही कापूसवाल्यांच्याच घरच्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाती पडल्या. ज्याची गणितं आधी होतील त्याने उठून मागे राहिलेल्याच्या पातीला लागायचं. शेवटच्याचं झाल्याशिवाय कोणीच सुटायचं नाही. पहिल्याच तासाला मीनल चंदनच्या बोकांडी बसली. "अबे, हातचा कुठी ठिवला? रस्त्यात सांडला का?"

दसऱ्यापर्यंत गोंगाट तेवढाच राहिला, पण त्यात पाढे ऐकू येऊ लागले. दिवाळीनंतर अर्धी पोरं वेचणीला गेली. परत आली तेव्हा त्यांच्या बुडालेल्या धड्यांवर बाकीचे तुटून पडले. संक्रांतीला तर वेण्याही मोकळ्या दिसल्या.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली आणि तपासणीला मंडळाचे, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याचे, शिक्षण अधिकारी आले. बाईंचं पुढचं वर्ष या साहेबांच्या शेऱ्यावर टांगलेलं. समितीचे अध्यक्ष पांडुरंगराव धोतराला इस्त्री करून दारात उभे, मी त्यांच्या मागे. वर्ग असा शांत, की मला काळजी वाटू लागली.

अर्ध्या तासाने मीनलने पेन ठेवलं, उठली आणि चंदनजवळ जाऊन बसली. "सरक. कोनतं राह्यलं?"

तिच्यामागून आणखी सात जण उठले.

"एमिटिदी?" हे काय, म्हणून साहेब तेलुगूत गरजले. "मॅडम, ये एग्झाम है!"

मीनलला साहेबांचीच कीव आली. "सर, याची पात राह्यली ना!"

पांडुरंगराव पुढे झाले. "साब, ये कॉपी नहीं है. ये लोग कापूस चुनते."

साहेबांनी एकदा पांडुरंगरावांकडे पाहिलं, एकदा मीनलकडे, आणि मग ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी पेपर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला लावला. परीक्षेत पात आपली आपणच सारायची, हे बाईंनी सकाळी पाच वेळा समजावलं. मीनल अर्ध्या तासात मोकळी झाली आणि उरलेला दीड तास दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. एवढी कडक शिक्षा तिला वर्षभरात कोणी दिली नव्हती. चंदन स्वतःच्या हाताने पास झाला.

साहेबांनी शेरा लिहिला, वर्ग उत्तम. समितीने बाईंनाच ठेवा म्हणून ठराव केला. सगळ्या पालकांनी सह्या-अंगठे दिले, भागाबाईने दोनदा.

जूनमध्ये ऑफिसातून कागद आला. त्या जागेवर बदलीने कायमचे गुरुजी आले होते. सुनयनाबाई आता आदिलाबादला साड्यांच्या दुकानात काम करतात.