डोंगरावर गप्प राहिलेला कंडक्टर

"पुढं सरका, पुढं सरका! आत सगळी बस मोकळी पडलीया!"

बसमध्ये पाय ठेवायला जागा नसताना आमचे कंडक्टर अण्णा असं ओरडायचे. मराठीत ओरडून झालं की लगेच कन्नडमध्ये, "मुंदक होगरी!" आणि लोक खरंच सरकायचे. कुठं सरकायचे, देव जाणे.

तुम्हीही पाहिला असेल असा एखादा माणूस, ज्याचा आवाज आधी येतो आणि तो स्वतः मागून. अण्णा आता निपाणीला लेकीकडं राहायला गेलेत, म्हणून त्यांच्या मागं दोन शब्द बोलायची सोय झाली. ते समोर असताना कुणाला बोलायला मिळालंय?

मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात टायपिस्ट होते आणि रोज त्यांच्या बसनं जायचे. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात रेक्झिनची पर्स. पावसाळ्यातही गॉगल. अण्णा सारखे वळून माझ्या दिशेनं बघायचे. मला वाटायचं, बिचारा. घायाळ झाला. मी खिडकीकडं मान वळवून चेहरा शक्य तितका निर्दय करायचे. पुढं कळलं की ते माझ्या डोक्यावरून मागच्या दाराला लोंबकळणारी पोरं बघत असायचे. एकदा तर ते थेट माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी गॉगल सावरला. "बाई, तुमची पर्स त्या आज्जीच्या डोळ्यात जायलीया," एवढंच बोलले आणि पुढं गेले.

काही वर्षांनी त्यांनी आमच्याच गल्लीत घर बांधलं. तोवर मला गॉगलही नव्हता आणि गैरसमजही नव्हता. ते मला आक्का म्हणू लागले, मी त्यांच्या बायकोला वहिनी. निवृत्त झाल्यावर अण्णांना प्रवासी उरले नाहीत, म्हणून ते दूधवाल्याशी, कुत्र्याशी आणि कुणीच नसलं तर नळाशी बोलायचे. "आलास काय रं? उशीर केलास!" हे नळाला.

आणि मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो आवाज बसला. आधी वाटलं थंड पाण्यानं. मग घशात गाठ निघाली. ती काढली, तपासायला पाठवली, आणि अहवाल येईपर्यंत गल्लीत कुणी मोठ्यानं हसलं नाही. अहवाल चांगला आला. वहिनींनी घरोघर पेढे वाटले. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही. जखम चिघळली तर हा आवाज परत मिळेल असं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्याच दिवशी वहिनी माझ्या दारात. "आक्का, मी तर दमलो बघा. दाराशी कोण आलं की ह्यांचं तोंड उघडतंयच. मघाशी भाजीवालीला 'ये' म्हणाय लागलेते, मी हात लावला तोंडावर. ह्यांना कुठंतरी घेऊन जावा, जिथं माणसं बोलतच न्हाईत."

अशी एकच जागा मला माहीत होती. गोल्फचं मैदान.

हसा. तरुणपणी मीही हसले असते. तेव्हा मला वाटायचं, गोल्फ खेळायला आधी गोरा साहेब व्हावं लागतं. आमचं मैदान तसं नव्हे. खानापूरच्या बाजूला एका डोंगराच्या अंगावर ते पसरलंय. सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे भरायचे, काठ्या तिथंच भाड्यानं मिळतात, आणि साडीवर बूट घालून आलात तरी कुणी परत पाठवत नाही. चित्रातल्यासारखी हिरवळ मात्र शोधू नका. होलभोवती, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवती, तेल घालून दाबलेली काळी वाळू असते आणि आपल्या पावलांच्या खुणा आपणच पोत्यानं पुसायच्या. तांबड्या मातीतून वर चढलं की बाजूला जांभळी, करवंदीच्या जाळ्या, आणि पश्चिमेला डोंगरामागं डोंगर. शेवटचा कुठला आणि आभाळ कुठलं, कळत नाही. चेंडूवर म्हैस बसली तर म्हैस उठेपर्यंत थांबायचं, हा तिथला नियम. गुडघ्यांना चालणं हवं म्हणून मी जाऊ लागले आणि फटके चुकवता चुकवता रमले.

आमच्यात एक निवृत्त सुभेदार होते. कुणी चेंडूसमोर उभं राहिलं की शिंकायचीसुद्धा बंदी. म्हणजे अण्णांसाठी दवाखानाच.

पहिल्या सकाळी अण्णा आले ते गळ्यात शिट्टी अडकवून. नोकरीतली, पितळेची. मी काठी उचलली, श्वास रोखला, आणि मागून दोनदा शिट्टी. चला, निघा! माझी काठी मातीत रुतली. सुभेदार मारतील तेव्हाही तेच. कुणी मागं राहिलं की एक शिट्टी, थांबा. बोटानं माणसं मोजून सगळी चढली याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या होलकडं जाऊ द्यायचे नाहीत. शेवटी सुभेदारांनी हात पुढं केला. "अण्णा, द्या ती इकडं." अण्णांनी शिट्टी अशी दिली, जणू नोकरीतून आताच काढलंय.

पण खेळ त्यांना लागला. हळूहळू ते काठीवर हनुवटी टेकून डोंगराकडं बघत उभे राहू लागले. वहिनीही सोबत येऊन करवंदं तोडत बसायच्या. "घरात तोंड उघडायचे, हितं न्हाय," त्या मला म्हणायच्या आणि झाडाला हात जोडायच्या. तपासणीला थोडेच दिवस राहिले होते.

त्या सकाळी उंचावरच्या होलवर माझी पाळी आली. माझा चेंडू नेहमी चार पावलं जातो, म्हणून पुढं कोण आहे हे बघायची मला सवयच नव्हती. मी काठी फिरवली आणि काय झालं कुणास ठाऊक, टण्ण आवाज आला. चेंडू असा उडाला की माझा मलाच नमस्कार करावासा वाटला. मग तो कुठं चाललाय ते दिसलं. खाली उतारावर जाळीत वाकून वहिनी करवंदं तोडत होत्या.

"फोर!" सुभेदार ओरडले. चेंडू येतोय, बाजूला व्हा, असा त्याचा गोल्फमधला अर्थ. वहिनींना काय कळणार? त्या वाकलेल्याच. अण्णांचा हात गळ्याशी गेला. तिथं शिट्टी नव्हती.

"इंदूऽऽ!"

मी इकडंतिकडं बघितलं, ही इंदू कोण? तेवढ्यात वहिनी दचकून उठल्या आणि पदर सावरत धावतच वर निघाल्या. त्यांच्या मागं, त्या वाकल्या होत्या तिथंच, चेंडू काड्‌दिशी जाळीत घुसला.

त्यांनी तो पाहिलाही नाही. तरातरा चढून आल्या. "काय वो हे? एवढ्या माणसांत नाव घेऊन हाक मारतासा? इतक्या वर्षांत कधी घरात घेतलं न्हाईसा..." आणि मधेच थांबल्या. ओटीतली करवंदं खाली सांडली. "तुम्ही बोललासा?"

अण्णांनी गळा दोन्ही हातांनी धरला होता, सांडेल असा.

कुणी काठी उचलली नाही. सुभेदारांनी गाडी काढली. चौघं दवाखान्याकडं निघालो. आयुष्यात एकच फटका बरा मारला मी, आणि तो माघारी घे म्हणून सगळ्या देवांना विनवत बसले.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली. पडद्यावर काहीतरी गुलाबी हललं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. वहिनींनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

"जखम भरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीही झालेलं नाही. ओरडायचं नाही, पण आजपासून हळूहळू बोलायला लागा."

सुभेदारांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. मी रडतेय की हसतेय ते मला कळेना.

"काहीतरी बोला बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटलं, आता इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडणार. मी खुर्ची सावरून बसले.

अण्णांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी ओळखून लालबुंद. "आता न्हाय हं! डॉक्टर बसल्यात समोर."

"इंदू," अण्णा म्हणाले. आवाज बारीक होता, घोगरा होता, पण त्यांचाच होता.

वहिनींनी तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून ओ दिली.