खांबाखालचे पाहुणे

भिवापूरला मुलगी पाहायला गेलो आणि परत आलो तेव्हा मी शुद्धीवर नव्हतोच. चिवड्याची ताटली पुढे करताना, वडील समोर बसलेले असतानाच, तिने मला सरळ विचारलं होतं, "खांबावर वरतं चढल्यावर काय पायता जी?" मी म्हटलं, पाना पाहतो, हातातून सुटला तर खालच्याच्या डोक्यात जातो. ती खुदकन हसली. वडील हसले नाहीत. नागपूरपर्यंत एसटीत मी एकटाच हसत आलो, शेजारचा माणूस दोनदा सरकून बसला.

ही एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा वीज खात्यात लाइनमन होतो. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलीच्या वडिलांना नोकरी पसंत, घर पसंत, मीही बरा. पण खांब पसंत नाही. "पोरगी द्याची त माणूस जमिनीवरचा पाह्यजे," असं त्यांनी ठणकावलं होतं. मध्यस्थाने खूप गळ घातली तेव्हा ते एवढं म्हणाले, की काम चालू असताना येऊन पाहीन, मग काय ते सांगीन. लोक मुलाचं घरदार पाहायला येतात, माझ्याकडे खांब पाहायला पाहुणे येणार होते. मला जेवण जाईना आणि झोप लागेना, आणि तरीही कधी नव्हे इतकी मजा वाटत होती.

कामावरचा माझा जोडीदार संसारी माणूस, तीन पोरींचा बाप. त्याचं म्हणणं पडलं की कमरेचा पट्टा बांधू नकोस, सासरा म्हणेल भित्रा आहे. तेव्हा आमच्यात तशीच रीत होती. नवखे पट्टा बांधायचे, मुरलेले लोखंडी खांबाला नुसती पायांची मिठी मारून काम उरकायचे आणि वर विडीही ओढायचे. मलाही मिरवायचं होतंच. पण खरं सांगतो, त्या सकाळी आनंदाने माझं लक्षच ठिकाणावर नव्हतं. मी पट्टा बांधला, कडी अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात एका खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला होता. पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, थंडीची घोंगडी खांद्यावर टाकून वेळेआधीच हजर. मी एकेक काम करत त्यांना सगळं समजावून सांगितलं. आधी लाइनच्या डब्यातले तिन्ही फ्यूज काढायचे. मग तारांवर साखळी टाकायची आणि तिचं टोक जमिनीत रोवायचं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते. आणि जो वर चढतो, फ्यूज त्याच्याच खिशात राहतात, म्हणजे खाली कोणाला लहर आली तरी लाइन चालू करता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् खिशातून पडले त?"

मी खिसा चाचपून पाहिला. त्यांनी हात पुढे केला. "माह्याजवळ द्या."

नियम पक्का होता. फ्यूज दुसऱ्याच्या हातात द्यायचे म्हणजे आपला जीव त्याच्या हातात द्यायचा. पण होणाऱ्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार, आणि तेही अजून न झालेल्या? मी तिन्ही फ्यूज देऊन टाकले. जोडीदाराने कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी ते बंडीच्या खिशात घातले, खिशावर पंजा दाबला आणि खांबाला लावलेल्या शिडीशेजारी उभे राहिले. मी चढलो.

वर गेलो आणि मला हसूच आवरेना. खाली भाजीवाले, सायकली, पत्र्याची छपरं, आणि माझ्या पायांखाली घोंगडीवाला एक माणूस मान मोडेपर्यंत वर पाहतोय. हा हो म्हणाला तर ती येणार, नाही म्हणाला तर कोण्या जमिनीवरच्या माणसाकडे जाणार. मी बोल्ट उलटा फिरवत होतो हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा पीठगिरणीवाला आला. गहू जात्यात अर्धवट अडकलेला, बाया डबे घेऊन खोळंबलेल्या. त्याने आधी माझ्या जोडीदाराला झापलं. जोडीदाराने फ्यूज कोणाकडे आहेत ते दाखवलं आणि मोकळा झाला. मग गिरणीवाला पाहुण्यांनाच साहेब समजून मस्का लावू लागला, की पाचच मिनिटं लाइन द्या, गहू निघाला की पुन्हा बंद करा. पाहुणे हलेनात. मग तो चिडला, वरपर्यंत ओळख असल्याचं सांगू लागला. बाया जमल्या, भाजीवाले जमले, त्याने बंडीकडे हातही नेला. साखळी लागलेली होती, मला धोका नव्हता. पण ते पाहुण्यांना कुठून आठवणार? त्यांनी घोंगडी खाली टाकली, दोन्ही पंजे खिशावर धरले आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे कडाडले:

"माहा जवाई वरतं हाय. तो खाली येत नाही तंवर हे कोणाच्या बापाले भेटत नाही."

गिरणीवाल्याने हात मागे घेतला. माझे दोन्ही हात सुटले. पट्टा होता म्हणून मी तिथेच लोंबकळलो आणि मोठमोठ्याने हसत सुटलो. जोडीदार खालून आईवरून शिव्या घालत होता, तरी मला थांबता येईना. आपण काय बोलून बसलो ते पाहुण्यांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांनी वर पाहायचं बंद केलं आणि शिडीला घट्ट धरून उभे राहिले.

काम आवरून उतरलो. फ्यूजसाठी हात पुढे केला, तर त्यांनी आधी माझं मनगट धरलं. लहान पोराचा ताप पाहावा तसं थोडा वेळ धरून ठेवलं. मग तिन्ही फ्यूज एकेक करून माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "पोरीले सांगतो, उतरला म्हणून."