नमुना

"वस्तीवरची कोण आहे इथं? हां, तू ये. आपल्याला वेगळा नमुना पाहिजे."

सर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला.

रिसोडचं कॉलेज. मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल. मी केनवडकडच्या वस्तीवरून जीपनं येणारी. माय-बाप ऊसतोडीला जाणारे. सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी मला पुढं खुर्चीत बसवलं. ते एक शब्द बोलणार, मनात पहिला येईल तो शब्द मी सांगायचा. किती वेळ लागला ते घड्याळावर बघणार. यातून म्हणे माणसाच्या आतलं कळतं.

"दिवाळी."

"ट्रक."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. दिवाळी झाली की ट्रक येतो अन् आमची वस्ती भरून नेतो. दुसरं काय येणार मनात?

सर वर्गाकडं वळले. "बघा. असंबद्ध प्रतिसाद. अशा मुलांचे विचारच विस्कळीत असतात. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या मैत्रिणीनंही. माझे कान तापले.

"आई."

मनात कोयता आला. पार जिभेवर आला. मी गिळला.

"माया."

"छान. हा नॉर्मल प्रतिसाद."

मायला लपवलं, तेव्हा मी नॉर्मल झाले.

जीपमध्ये मान वर केली नाही. घरी मायनं विचारलं, "काहून व, तोंड काहून उतरलं?"

"काई नाई."

तिच्या हाताच्या घट्ट्यांकडं बघवेना.

पुढच्या तासाला सर म्हणाले, "ये, तुझं राहिलेलं पूर्ण करू."

मी जागेवरच उभी राहिले.

"मी येत नाई सर."

"का?"

"बसशील का म्हणून मले विचारलंच नाई तुमी. अन् मागच्या खेपेले मी खोटं बोलली. माह्या मायचं नाव घेतलं का मले कोयता आठवते. ते लिहा."

कोणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कोणी बोललं नाही.

"मार्क माझ्या हातात आहेत," सर म्हणाले.

"असू द्या."

मार्क कापलेच त्यांनी. लाजही गेली नाही. तो खोटा शब्द अजून सलतो.

पण विषय मी सोडला नाही. एम.ए.लाही हाच घेतला. माणसाचं मन कसं चालतं, मला शिकायचंच आहे. समोर माणूस बसवीन, तर आधी त्याला विचारीन. नाही म्हणाला, तर उठून जाईन. हो म्हणाला, तर तो कसा जगतो हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या मनाबद्दल एक ओळ लिहिणार नाही.

आणि दुसरं कोणी न विचारता लिहायला लागलं, तर त्याचा हात धरीन.